मागील बाजूस पेन्सिलचे डाग

रात्री सव्वाअकराला फोन उजळला. लिलावाच्या साइटवर मी टाकलेल्या टपालाच्या जुन्या पाकिटाखाली कुणीतरी प्रश्न विचारला होता. "सर, मागच्या बाजूचं पेन्सिलचं लिखाण खोडून मिळेल का? रबराने जाईलसं वाटतं. तसं असेल तर मी बोली वाढवतो." खाली जोडलेले हात. माणूस सभ्य होता. प्रश्नही तसा रास्तच. पाकिटं जमवणाऱ्यांच्या जगात शाई म्हणजे इतिहास आणि पेन्सिल म्हणजे कचरा. जुने व्यापारी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने किंमत लिहून ठेवतात आणि घेणारा घरी जाऊन ती पुसून टाकतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. शिवाय मीच तर लॉटच्या वर्णनात लिहिलं होतं: 'शिक्का स्पष्ट. तिकिटाचे दाते पूर्ण. डावा वरचा कोपरा किंचित फाटलेला. मागील बाजूस पेन्सिलचे डाग.' डाग हा शब्द माझा. त्या गृहस्थांनी निदान 'लिखाण' म्हटलं होतं.

फोन पालथा ठेवला आणि झोपलो. झोप लागली नाही.

पाकीट आण्णांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. मळकट पिवळा कागद, त्यावर दोन आण्यांचं लालसर तिकीट, तिकिटावर नटराज. त्या काळात आपल्याकडे चालायची तीच पुराणवास्तूंची मालिका. तीन पैचा अजिंठ्याचा हत्ती, नऊ पैची त्रिमूर्ती, सहा आण्यांचा विजापूरचा गोलघुमट, त्यातलंच हे. फरक एवढाच, की नटराजावर काळ्या देवनागरी अक्षरांत छापलंय: 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. १९५३ साली आपली फौज कोरियात गेली, तेव्हा तिथल्या आपल्या लष्करी टपालासाठी ही नेहमीची तिकिटं वर शब्द छापून वापरली गेली. पुढच्या वर्षी इंडोचायनात गेलेल्या आपल्या लोकांसाठी 'अन्तर्राष्ट्रीय आयोग कम्बोज', लाओस, वियत नाम असंही छापलं. जमवणारे याला ओव्हरप्रिंट म्हणतात. नुसतं कोरं तिकीट काही फार दुर्मीळ नाही, पुण्यात कुठल्याही तिकीट-प्रदर्शनात चार टेबलं फिरलात तर मिळून जाईल. पण खऱ्या जवानाने खऱ्या घरी खऱ्या कारणासाठी पाठवलेलं पाकीट, ज्याच्यावर पत्ता वाकड्यातिकड्या अक्षरांत आहे आणि जे हौशी संग्राहकाने स्वतःच स्वतःला धाडलेलं नाही, ते शोधावं लागतं. आमच्या पाकिटावर पत्त्याच्या शेवटी 'जि. उत्तर सातारा' आहे. आजच्या मुलांना वाटेल चुकून लिहिलंय. तेव्हा सांगली वेगळी झालेली होती, पण तिचं नाव दक्षिण सातारा होतं, आणि आम्ही उत्तर.

अशी पाकिटं तीन होती. दोन मी मारली.

पाचवीत होतो. शाळेत तिकिटं जमवायची साथ आली होती, ती गोवरासारखी येते आणि जाते. आण्णांची काळी लोखंडी ट्रंक माडीवर असायची. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. उघडली की डांबराच्या गोळ्या, जुनी लोकर आणि बुटाच्या पॉलिशचा एकत्र वास यायचा. तो वास मला अजून कुठल्याही लष्करी कॅन्टीनच्या दुकानाजवळून जाताना येतो, तिथे तो नसला तरी. ट्रंकेत पाकिटं सापडली. मी सरळ ती तिकिटांसकट कातरली, परातीत कोमट पाणी घेतलं, तिकिटं तरंगत सोडली, तासाभराने अलगद सोडवून आजीच्या जोंधळ्याच्या सुपात वाळत घातली. वहीत डिंकाने चिकटवली. डिंकाने! आज एखाद्या संग्राहकासमोर हे वाक्य उच्चारलं तर तो घोटभर पाणी मागेल. तिकीट सुटलं, पाकीट गेलं, शिक्क्याचा अर्धा चंद्र कातरीत गेला, आणि जे उरलं त्याला आज कुणी शंभर रुपये देणार नाही. आण्णांनी बघितलं. रागावले नाहीत. "तिकिटावरचा कोरिया सुटला का रे पाण्यात?" एवढंच विचारलं. सुटला नव्हता. "मंग बरं," म्हणाले.

तिसरं पाकीट वाचलं, कारण ते ट्रंकेच्या तळाला घातलेल्या वर्तमानपत्राखाली गेलं होतं. गेल्या वर्षी गावच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा ट्रंक खाली आली आणि ते वर आलं. आत पत्रही होतं. आणि इथे सुरू झालं भांडण.

लोकांना सांगताना मी असं सांगतो की आण्णांच्या स्मरणार्थ सैनिकांसाठी काहीतरी करावं म्हणून आम्ही पाकीट लिलावात काढलं. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात घडलं ते असं, की पाकीट एक आणि मागणारी घरं तीन. नाना म्हणाले थोरला मुलगा मी, माझ्याकडे राहील. आत्या म्हणाली पत्र ज्या घरी आलं त्या घरात मीच काय ती जाणती होते, तुम्ही कमरेला करगोटा बांधून हिंडत होता. मी म्हणालो की मला यातलं कळतं, मी नीट जपेन, आणि हे म्हणताना परात आठवून माझी मलाच लाज वाटली. दोन महिने कुणी कुणाला फोन केला नाही. एका कागदापायी. शेवटी आत्याच म्हणाली, "इका. पैसं सैनिकांना द्या. कुनालाच नको." नाना चवताळले. "आरं, इकायचं म्हंजे काय? आण्णांचं हाय ते." पण दुसऱ्याच्या घरी जाण्यापेक्षा विकलेलं बरं, हे त्यांनाही पटत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तोड अशी निघाली की पत्र नानांकडे, पाकीट लिलावात. पुण्यकर्माची मुळं कधी कधी अशी वाटणीच्या भांडणात असतात. पावतीवर तसं छापत नाहीत.

पत्रात तसं काही नाही. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, थंडी फार आहे, मनीऑर्डर मिळाली का, पोरांना सांभाळणे. फौजी पत्रं अशीच असायची. आण्णा गेले होते कुठे, करत होते काय, याचा मागमूस नाही. ते आम्हाला कळलं ते पुढे, तुकड्या-तुकड्यांनी, बहुतेक वेळा त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं ऐकून.

आण्णा एएससीत, म्हणजे फौजेला शिधा-सामान पुरवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते. लॉरी हाकायचे. गावात त्यांच्या कहाणीला भाव नव्हता. आमच्याकडे प्रत्येक आळीत एक फौजी, बासष्टवाला, पासष्टवाला, एकाहत्तरवाला, प्रत्येकाकडे एक तरी गोळी हुकल्याची गोष्ट. आण्णांना कुणी विचारायचं, "कोरियात कुनाशी लढला?" ते म्हणायचे, "कुनाशीच न्हाई." मग ऐकणाऱ्याचं लक्ष उडायचं. खरं तर त्या "कुनाशीच न्हाई"मध्येच सगळी गोष्ट होती. जुलै १९५३ मध्ये तिथे शस्त्रसंधी झाली, आणि घोडं अडलं होतं युद्धकैद्यांवर. बावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी, जे म्हणत होते आम्हाला घरी जायचं नाही. उलट बाजूलाही तसे साडेतीनशेच्या वर होते, त्यांत काही अमेरिकन. या सगळ्यांना कुणीतरी तिऱ्हाइताने सांभाळायचं होतं. ते काम भारताकडे आलं. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या आपल्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात, कोल्हापूरचे. आण्णा आयुष्यभर 'थोरातसाहेब' असं म्हणायचे, जणू ते शेजारच्याच वाड्यात राहतात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत धरून ठेवलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला घेऊन बाहेर आले, हे सांगताना आण्णांचा आवाज खाली यायचा. स्वतःबद्दल त्यांनी कधी आवाज वर किंवा खाली केला नाही.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी बजावलं होतं की भारतीय सैनिकाचं पाऊल माझ्या जमिनीवर पडता कामा नये. त्यामुळे मद्रासहून बोटीने इंचॉनपर्यंत गेलेल्या आपल्या हजारो जवानांना तिथून हेलिकॉप्टरमध्ये घालून थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. उत्तर साताऱ्यातला एक मनुष्य, ज्याने तोवर आगगाडीही दोनदाच पाहिली असेल, तो बोटीतून उठला आणि हवेत गेला. पुढे कधीही विमानात बसला नाही. गावात कुणाचा विश्वास बसला नाही म्हणून त्याने ते सांगणंही सोडलं. तंबूंचं गाव वसवलं होतं, हिंदनगर नावाचं. थंडी अशी की लॉरीचं इंजिन सकाळी चालू व्हायचं नाही. गाडीखाली पत्र्याच्या डब्यात निखारे ठेवायचे, चेंबरमधलं तेल पातळ होईपर्यंत उकिडवं बसून राहायचं. "गाईखाली धार काडाया बसल्यावानी," असं आण्णा म्हणायचे. कैदी घोषणा द्यायचे, दगड मारायचे. मग त्या 'समजूत काढण्याच्या' राहुट्या. एकेका कैद्याला आत न्यायचं, त्याच्या देशाचे लोक त्याला सांगणार, बाबा घरी चल. बाहेर पडायला दोन दारं. एकातून गेलात तर घर, दुसऱ्यातून गेलात तर परत कुंपणात. बहुतेक सगळे दुसऱ्या दाराने जायचे. काहींना ओढत आत न्यावं लागायचं आणि ते ओरडत बाहेर यायचे. आण्णा रेशनाची लॉरी लावून ते बघायचे. घर नको म्हणणारी एवढी माणसं त्यांनी एका जागी पाहिली, आणि रात्री येऊन कुणाकडून तरी पत्ता घालून घेतला, 'मु. पो. अमुक, ता. कोरेगाव, जि. उत्तर सातारा'. त्यांना दुसरं दार समजलं नसावं. की समजलं असेल? त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचलं तोवर ते ऐकू येण्याच्या पलीकडे गेले होते.

आता पेन्सिल.

आजीला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की ती ते शाळेच्या गुरुजींकडे न्यायची. गुरुजी वाचून दाखवायचे, दोनदा, कारण पहिल्यांदा ती फक्त आवाज ऐकायची. मग ते तिचा महिन्याचा हिशेब मांडून द्यायचे, म्हणजे आण्णांना उत्तरात कळवता येईल. कागद कुठून आणायचा, म्हणून पाकिटाच्याच पाठीवर. बाळबोध, मोकळी अक्षरं. वर 'म. ऑ. आली ३०', खाली घासलेट, मीठ, तेल, बैलाच्या पत्र्या, शेजारणीचे उसने परत ५, आणि अशा आठ ओळी. काही शब्दांवरून आजीचा अंगठा गेलेला असणार, तिथे पेन्सिल फिसकटलीय. मी हे सगळं स्कॅनरवर ६०० डीपीआयला टिपलं, पुढची बाजू, मागची बाजू, शिक्क्याचा जवळून फोटो. आणि वर्णनात एका शब्दात उरकलं.

लिलावाच्या व्यवहाराची भाषाच तशी आहे. सगळी वस्तू दोषांच्या यादीने ओळखायची. डाग, घडी, चीर, फिकेपणा, 'जुन्या मानाने चांगल्या स्थितीत'. आपल्याकडे मुलगी दाखवताना बोलायचे तसंच काहीसं. मी खाली एक ओळ घातली की मिळणारी रक्कम जखमी जवानांसाठी दिली जाईल. ती घालताना हात जरा अडखळला. ही ओळ खरी होती, पण तिने बोली वाढणार हेही मला माहीत होतं, आणि मला ते हवं होतं. जवानांचं नाव घेऊन कुणी साबण विकला तर मी नाकं मुरडतो. मग मी काय करत होतो? दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, "चॅरिटीसाठीच आहे तर मूळ किंमत कमी का नाही ठेवली?" यावर मी बराच वेळ हसलो. त्याच्या प्रश्नात तर्क होता, फक्त तो कुठल्या दिशेला जात होता ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणखी एकाने परदेशातून विचारलं, पाठवाल का? त्या निमित्ताने १९७२चा पुरावस्तूंचा कायदा चाळला. ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज पंच्याहत्तर वर्षांचा झाला की तो असा सहज देशाबाहेर धाडता येत नाही. म्हणजे आजीचं घासलेट आणि मीठ आणखी थोड्या वर्षांत पुरावस्तू होऊ शकतं, जर कुणी त्याला ऐतिहासिक मोल आहे म्हटलं तर. सध्या ते डाग होतं.

लहानपणी ७ डिसेंबरला शाळेत ध्वजदिनाचे कागदी झेंडे यायचे, टाचणी लावलेले, लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे. डबा फिरायचा, त्यात चार-आठ आणे टाकायचे, झेंडा छातीवर लावून घरी जायचं. १९४९ पासून चालत आलेला हा दिवस. आण्णा एसटी स्टँडवर डबेवाल्या मुलांना थांबवून पैसे टाकायचे, पण झेंडा घ्यायचे नाहीत. "दुसऱ्याला दे, परत कामाला यील." काटकसर की संकोच, देव जाणे. कुणी मदतनिधीचा अर्ज आणून दिला की ते तो घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवायचे आणि भरायचे नाहीत. द्यायचा हात त्यांना ठाऊक होता, घ्यायचा नव्हता. मला मात्र मोठेपणी हा डबा जरा खुपत आलाय. ज्यांना देशाने पाठवलं, त्यांच्यासाठी टाचणीचा झेंडा विकून पैसे गोळा का करावे लागतात? पेन्शन असते, योजना असतात, हे मला कळतं. तरी डबा फिरतोच. आणि तो फिरायचा थांबला तर ज्यांना लागतो त्यांचं काय, हाही प्रश्न उरतोच. मी दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि शेवटी खिशात हात घालतो.

पैसे कुठे द्यायचे हे मी ठरवलं, आणि त्यातही उदात्त काही नाही. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर माझ्या ऑफिसच्या वाटेवर पडतं. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर गेलेल्या जवानांसाठी ते १९७४ मध्ये सुरू झालं. युद्धातच जखमी झालेले असे सगळे नसतात. कुणी दरीत गाडी कोसळून, कुणी सरावात, कुणी सुट्टीवर घरी जाताना. मी इतकी वर्षं त्या भिंतीशेजारून दुचाकी दामटत गेलो, एकदाही आत डोकावलो नाही. त्या बाजूला सरकारी पाट्यांवर 'खडकी कटक मंडळ' लिहिलेलं असतं. कॅन्टोन्मेंटला मराठीत कटक म्हणतात हे वाचून वाचून आपण वाचेनासे होतो. तिकीट भिंगाखाली धरलं आणि 'संरक्षा कटक' दिसलं, तेव्हा ती पाटी आठवली. जागा ठरवायला मला एवढं पुरलं.

आणि रबर.

प्रश्न आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. मुलीच्या कंपासपेटीत पांढरं, मऊ, वास येणारं रबर होतं. मी स्वतःला सांगितलं, नुसतं बघू या, जातं का. जखमी जवानांना दोन हजार जास्त मिळतील. हे असं कारण असतं की ते पुढे केलं की माणसाला काहीही करता येतं. दिवा जवळ ओढला, पाकीट पालथं घातलं, सगळ्यात खालच्या ओळीचं टोक धरलं. दोन हात फिरवले. फक्त दोन. पेन्सिल इतकी सहज गेली की मी दचकलो. बहात्तर वर्षं जे ट्रंकेच्या तळाला, उंदरांत, पावसाळ्यांत टिकलं ते कंपासपेटीतल्या रबरापुढे दोन हातांत गेलं. कागदावर रबराच्या राखाडी शेवया पडल्या होत्या. मी त्या फुंकल्या नाहीत, बोटाने गोळा केल्या, आणि मग हातात घेऊन काय करायचं ते सुचेना. परातीतलं पाणी मी मोरीत ओतलं होतं, ते आठवलं. रबर परत कंपासपेटीत ठेवलं. त्या गृहस्थांना लिहिलं, "लिखाण खोडणार नाही. जसं आहे तसं." 'जसं आहे तसं' हेही आता पुरतं खरं नव्हतं. साइटवरचे फोटो आधीचे होते. ते बदलायला हवे होते. बदलले नाहीत.

लिलाव रविवारी रात्री नऊला संपायचा होता. तीन हजारांपासून सुरुवात, शनिवारपर्यंत सहा हजार दोनशे. शेवटच्या मिनिटाला बोली आली की घड्याळ पाच मिनिटं पुढे सरकतं, त्यामुळे नऊ वाजले आणि वाजतच राहिले. नानांना मी व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. दर बोलीला ते "आयला" म्हणायचे, आणि दहा हजार ओलांडल्यावर गप्प झाले. रबरवाले गृहस्थ नऊ हजार दोनशेला थांबले. पेन्सिलसकटही ते बरेच चढले, त्यांच्यावर माझा राग नाही. साडेनऊच्या सुमाराला चौदा हजार सहाशेवर घड्याळ शांत झालं. मला वाटलं होतं आनंद होईल. झाला, पण पायरी चुकल्यावर पोटात होतं तसंही काही झालं. नाना म्हणाले, "संपलं?" म्हटलं, संपलं. "म्हंजे आता आपलं न्हाई ते." आणि फोन ठेवला.

साइटने आपले दहा टक्के कापून घेतले. एक हजार चारशे साठ गेले, राहिले तेरा हजार एकशे चाळीस. जवानांच्या पैशातून कमिशन जाणं मला बघवेना, म्हणून भर घालून पंधरा हजार एक करायचं ठरवलं. नानांनी काही न बोलता हजार पाठवले. उरलेले आठशे एकसष्ट माझे. दानाला वरचा एक लागतोच.

खडकीत चेक देऊन पावती घेतली. "स्मरणार्थ कुणाचं नाव?" विचारलं तेव्हा मी आण्णांचं पूर्ण नाव नंबरासकट सांगितलं, ट्रंकेवर होता तसा. नंबर मला पाठ आहे हे त्या दिवशी कळलं. बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत एक गृहस्थ पेपर वाचत होते. केस पांढरे, दंड पैलवानाचे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. "दादाजी किस में थे?" म्हटलं, एएससी. ते मोठ्याने हसले. "अच्छा, राशनवाले!" फौजेत हा शब्द चिडवायलाही असतो आणि लाडाचाही. त्यांनी कुठल्या अर्थाने वापरला ते माहीत नाही, पण आण्णांच्या नोकरीला कुणीतरी एकदम ओळखलं, असं आमच्या घराबाहेर पहिल्यांदाच झालं. कोरियाचं सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. त्यांनी पेपर पुन्हा उघडला होता, आणि मला ऑफिसला उशीर होत होता.

पाकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वर प्लॅस्टिक, स्पीड पोस्टाने अमरावतीकडे गेलं. घेणारे गृहस्थ फौजी टपालच जमवतात. आठवड्याने त्यांचा मेसेज आला. पाकीट सुखरूप पोचलं, फार आनंद झाला वगैरे. आणि खाली: "एक विचारायचं होतं, राग नसावा. मी मागचा हिशेब वाचायचा प्रयत्न करतोय, मला अशा गोष्टींचं वेड आहे. तुमच्या फोटोत शेवटच्या ओळीत एक शब्द अंधूक दिसतो. पाकिटावर तो दिसत नाही. प्रवासात घासला गेला का? काय शब्द आहे तो?"

मी माझ्या संगणकावर जुना स्कॅन उघडला, मोठा केला. शब्द होता. दोन अक्षरं, पुढे सहा आणे. खोडताना तो वाचलाच नव्हता. पहिलं अक्षर 'पा' वाटत होतं, दुसरं 'टी' की 'ठी' की 'नी', लागेना. रविवारी आत्याकडे गेलो. तिचं वय एकोणऐंशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आता आमच्या सगळ्यांपेक्षा तिला स्वच्छ दिसतं. फोन तिच्या हातात दिला. तिने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, नातवंडांकडून शिकलीय, आणि वरपासून एकेक ओळ वाचत आली. घासलेट. मीठ. तेल. पत्र्या. "बारक्या खोंडाला मारल्या होत्या त्या," म्हणाली. शेवटच्या ओळीवर थांबली.

"पाटी," म्हणाली. "शाळंची पाटी. सहा आन्याला आनली व्हती."

मी म्हटलं, "तुझी?"

"माझी कुठली? नानाची. त्याचं नाव घालायचं व्हतं शाळंत." फोन परत दिला. "मला न्हाई घेतली पाटी. मी गुरुजींच्या वटीवर बसून आईला पत्र वाचलेलं ऐकायची, तेवढंच." मग उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. आतून विचारलं, साखर किती.

परतताना एसटीत मेसेज लिहायला घेतला. 'पाटी' लिहिलं. 'शाळेची, सहा आणे.' मग बराच वेळ नुसतीच बाहेर उसाची शेतं. कोरेगाव मागे पडलं तेव्हा खाली आणखी एक ओळ घातली: 'प्रवासात घासलं गेलं नाही. मी खोडलं. पैसे परत हवे असतील तर कळवा.' आणि पाठवून दिलं. पलीकडे दोन खुणा निळ्या झाल्या. ते काहीतरी लिहीत होते, थांबले, पुन्हा लिहायला लागले.